खालच्याचा रोज

लखूने कमावता झाल्यावर पहिला मार खाल्ला तो रोजावरून, आणि मारणारा त्याचा सख्खा दाजी होता. साल अठ्ठेचाळीस. गुंद गावाच्या वरच्या अंगाला एका घराच्या अंगणात किंदळीचा भलामोठा ओंडका कापायला घेतला होता. वर परशू दाजी, खाली खड्ड्यात लखू. चार दिवस दोघांनी मान मोडून काम केले. पाचव्या दिवशी घरमालकाने पैसे परशूच्या हातात ठेवले. परशूने आपला हिस्सा कंबरेला खोचला आणि उरलेला लखूपुढे धरला. लखूने हात पुढे केलाच नाही.

"दाजी, करवत दोगांनी वडली," तो म्हणाला. "मंग तुमाला दोन रुपयं आन मला सव्वा कशापाय?"

परशूच्या हाताशी पाचरी ठोकायची लाकडी मोगरी होती, तिचा दांडा त्याने लखूच्या खांद्यावर असा हाणला की लखू गुडघ्यावर बसला. उठला तो थेट परशूच्या पोटात डोके घालूनच. दोघे अंगणभर लोळले, शेणाने सारवलेली जमीन उखडली, घरमालकाची म्हातारी किंचाळत बाहेर आली आणि तिने दोघांवर चुलीवरचे कढत पाणी ओतले, तेव्हा कुठे ते वेगळे झाले. लखूने सव्वा रुपयाचा हिशेब घेतला. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात जे शिरले ते निघाले नाही.

आता हा वरचा-खालचा प्रकार काय तो सांगायला हवा, कारण सगळे रक्त त्यावरूनच सांडले. त्या काळी जोयड्याच्या रानात यंत्राची करवत कोणी पाहिली नव्हती. माणूसभर खोल, लांबट खड्डा खणायचा. त्यावर दोन आडवी लाकडे टाकायची, त्यांच्यावर ओंडका चढवायचा आणि तो हलू नये म्हणून बाजूंनी पाचरी ठोकायच्या. एक जण ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खड्ड्यात उतरतो, आणि मध्ये चार हात लांब करवत. वरच्याने उचलायची, खालच्याने ओढायची. दात खाली येतानाच लाकूड खातात, म्हणजे खरी ताकद जाते ती खालच्याची. पण ओंडक्यावर सुताने मारलेली रेघ दिसते ती वरच्याला, आणि करवत रेघेवर ठेवतो तोही वरचाच. रेघ सुटली की फळी वाकडी, आणि वाकडी फळी कोणी फुकटसुद्धा नेत नाही. म्हणून वरच्याला दोन रुपये रोज, खालच्याला सव्वा. हे कोणी ठरवले, कधी ठरवले, ते कोणालाच ठाऊक नव्हते. आधीपासून होते, म्हणून होते.

या सव्वा रुपयात खालच्याला आणखीही काही मिळायचे. दिवसभर डोळ्यांत, नाकात, कानात भुसा. शिसवीचे लाकूड असले की संध्याकाळी डोळे सुजून बंद व्हायचे. आणि दुपारी भाकरी खाऊन वरचा झाडाखाली बसून कानशीने करवतीचे दात घासायचा, तेव्हा खालच्याने खड्ड्यात वाकून सकाळभरचा भुसा पाटीने बाहेर काढायचा. डोक्याला आणि तोंडाला फडके गुंडाळलेला, भुशाने माखलेला तो माणूस कोण हे त्याच्या आईलाही ओळखू आले नसते. मोठमोठ्या गप्पा मारणारे वरचे लोक या कामाला 'खालच्याचा आराम' म्हणत. असल्या विनोदावर हसणाऱ्याच्या तोंडात तो भुसा कोंबला पाहिजे.

परशू तसा वाईट माणूस नव्हता. तापट होता, एवढेच, आणि लखूही काही कमी नव्हता. आईबाप गेल्यावर लखूला वाढवले ते थोरल्या बहिणीने, पुतळीने. तिचे लग्न परशूशी झाले तेव्हा हुंडा नाही, पण हा भाऊ तिच्याबरोबर गेला. परशूने त्याला जेवू घातले, धंदा शिकवला आणि मन मानेल तेव्हा बडवलेही. करवत परशूच्या बापाची होती. कोणाची चाकरी नाही, कोणाचा गडी नाही. ज्याचे लाकूड पडले असेल तो बोलवायचा, आणि हे दोघे करवत खांद्यावर टाकून जायचे. संध्याकाळी घरी आले की दोघांची तोंडे दोन दिशांना. पुतळी मधे भात वाढायची. त्या घरात आवाज न चढवणारी ती एकटीच होती.

सात वर्षे अशीच गेली. सात वर्षांत रोजावरून लखूचे किती वेळा डोके फुटले, त्याचा हिशेब नको. पण पंचावन्न सालची उळवीची जत्रा सांगायलाच हवी.

माघात उळवीला जत्रा भरते. घाटावरून बैलगाड्या येतात, मराठी बोलणारे, कानडी बोलणारे, सगळे एकाच माळावर गाड्या सोडतात. तालुक्यातले करवत ओढणारेही तेव्हा तिथेच जमत, कारण लाकडाचे कंत्राटदार दर्शनाला येत. गाड्यांच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली बसून वर्षभराचा रोज तिथे ठरायचा. बोलायचे ते वरचे. खालचे मागे उकिडवे बसून विडी ओढायचे.

त्या वर्षी लखू मागे बसला नाही. तो मधे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "औंदा खालच्याचा रोज दोन. वरच्याइतकाच. ज्येला पटत न्हाई त्येनं सोताच खाली उतरावं."

पहिल्यांदा सगळे हसले. मग एक जण म्हणाला, "अरे, ह्येला खड्ड्यात रेघ दिसत न्हाई, तरी वरचा रोज पायजे." लखूने त्याच्या नाकावर ठोसा मारला. मग सात जण त्याच्यावर पडले. गाडीचे जू, बैलाची काठी, जे हाती लागेल त्याने मारले. लखूच्या दोन बरगड्या मोडल्या. एकाच्या कानाचा तुकडा मात्र लखूच्या तोंडात राहिला, आणि तो त्याने सगळ्यांच्या देखत थुंकला. परशू बाजूला उभा होता. त्याने मेव्हण्याला मारले नाही आणि सोडवलेही नाही. नंतर त्याला गाडीत घालून घरी आणले ते मात्र त्यानेच. पुतळीने हळद लावली आणि चार दिवस त्याला मांडीवर डोके घेऊन पेज पाजली.

"तम्मा, येवड्यापाय मरशील," ती म्हणाली. धाकट्या भावाला ती तम्माच म्हणायची.

"आक्का, येवड्यापायच मरतोय रोज थोडा थोडा," लखू म्हणाला. बरगड्या दुखत होत्या तरी हे म्हणताना तो हसला. त्याला स्वतःच्या बोलण्याचे फार कौतुक होते.

मारहाण झाली, पण बोलणे कानांत राहिले. खालचे लोक एकमेकांना भेटले की हळूच तेच बोलू लागले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गणेशगुडीच्या बाजूला रानात मोठे काम निघाले. खानापूरकडचा कंत्राटदार दत्तात्रयशेट, त्याला फळ्या लोंढ्याच्या स्टेशनावर पोचवायच्या होत्या, आणि दिवस थोडे होते. तीन खड्डे खणले, तीन जोड्या बोलावल्या. एक जोडी परशू-लखूची. देखरेखीला शेटचा मुकादम अर्जुन. हातात वेताची छडी, तोंडात पान, आणि कोणालाही 'ए' म्हटल्याशिवाय बोलणे नाही, असा.

तिसऱ्या दिवशी सकाळी लखू खड्ड्यात उतरला आणि खाली बसला. परशूने वरून करवत उचलली. ती खाली आलीच नाही.

"वड की रे!"

"दोन रुपयं झालं की वडतो," खालून आवाज आला.

परशूने शिव्या घातल्या. लखूने कडेला टेकून विडी पेटवली. तासाभरात दुसऱ्या खड्ड्यातला खालचा बसला, मग तिसऱ्यातला. वर तीन माणसे तीन ओंडक्यांवर नुसती उभी. करवत वर उचलता येते, पण ओढणारा नसेल तर ती लाकडात दोराभरसुद्धा शिरत नाही. इतकी वर्षे हे सगळ्यांना ठाऊक होते, पण बघितले त्या दिवशी.

अर्जुन मुकादम धावत आला. त्याने वरूनच लखूच्या डोक्यात छडी मारली, एकदा, दोनदा, दहादा. लखू हलला नाही. तेव्हा अर्जुनला चेव आला आणि त्याने चूक केली. तो खड्ड्यात उतरला. वर उभ्या असलेल्या माणसांना पुढचे नीट दिसले नाही, फक्त ऐकू आले. लखूने त्याची मान धरून त्याचे तोंड भुशात दाबले आणि दाबूनच ठेवले. पाय झाडायचे थांबले तेव्हा त्याने त्याला वर काढले. नाकातोंडात भुसा, डोळे लाल, पानाची लाळ हनुवटीवर. तीन खड्ड्यांतली माणसे त्याला बघून इतकी हसली की दोघे-चौघे जमिनीवर बसले.

"ह्यो रोजच्या सव्वा रुपयातला भुसा," लखू त्याला म्हणाला. "चव कशी हाय?"

शेटच्या गाड्या लोंढ्याला जाण्यासाठी थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दत्तात्रयशेट स्वतः आला, कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, "घ्या बाबांनो, दोगांनाबी दोन. पर काम करा." खालच्यांनी आरोळी ठोकली. लखूच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तो म्हणाला भुसा गेला म्हणून.

परशूला मात्र ही गोष्ट झोंबली. दोन रुपये त्याचे गेले नव्हते, पण मान गेला होता. दोन दिवस तो दात-ओठ खाऊन करवत उचलत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ओंडक्यावर न चढता थेट खड्ड्यात उतरला.

"दाजी, ह्ये काय?"

"रोज सारका, तर काम बी सारकं," परशू म्हणाला. "येक दिस तू खाली, येक दिस म्या. फुकटचं खानारा मानूस न्हाई म्या. चढ वर."

लखू वर चढला. वरून त्याने पहिल्यांदाच रेघ सांभाळली, आणि दुपारपर्यंत तीन फळ्या वाकड्या पाडल्या. वरच्याला कशाचे पैसे मिळतात हे त्याला तेव्हा कळले, आणि ते त्याने मुकाट्याने मानले. खाली परशूला काय कळले तेही लवकरच दिसले. संध्याकाळी तो खड्ड्यातून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे मिरचीसारखे लाल झाले होते. ओढ्यावर तोंड धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा धुतले. मग लखूच्या शेजारी बसला आणि आपली तंबाखूची पिशवी त्याच्यापुढे टाकली.

"सात वर्सं तुला सव्वा दिला," तो म्हणाला. "चोरीच म्हनायची ती."

आयुष्यभर ज्याच्याशी भांडला त्याच्यावर लखूचा त्या संध्याकाळी जीव जडला. पुढचे दोन महिने ते दोघे जसे राबले, तसे कधी राबले नव्हते. लखूचा हात वर बसू लागला. घरी जेवताना दोघे एकमेकांशी बोलायला लागले, आणि पुतळीला ते इतके नवल वाटले की ती वाढता वाढता थांबून ऐकत राहायची.

अर्जुन मुकादम भुसा विसरला नव्हता. माणसे त्याला बघून अजूनही ओठ चावून हसत. तो पिऊन यायला लागला.

माघ लागायच्या आधीचा दिवस. दुपारची वेळ. त्या दिवशी पाळी परशूची होती. खड्ड्यावर नाणा नावाच्या झाडाचा ओंडका होता, चार बैलांनी आणलेला. भाकरी खाऊन दोघांनी थोडी पाठ टेकली. मग लखू करवत घेऊन ओढ्यावर गेला, तिचे दात कानशीने घासण्याआधी ती धुवायला. परशूने डोक्याला फडके गुंडाळले आणि तो भुसा काढायला खड्ड्यात उतरला. दुसऱ्या खड्ड्यांवरची माणसे लांब सावलीत होती.

अर्जुन लाकडाच्या डेपोच्या वाटेने वरच्या अंगाने आला. खड्ड्यात एक माणूस पाठमोरा वाकून पाटी भरत होता. सात वर्षे परशूच्या करवतीखाली दुपारी वाकणारा एकच माणूस. वरचा कधी भुसा काढत नाही, हे तालुक्यातले पोरही सांगेल. पाळी बदललेली अर्जुनला कोणी सांगितली नव्हती, आणि त्याने विचारलीही नसती. तो लखूच. अर्जुनने कडेला पडलेली मोगरी उचलली आणि हाणून एक पाचर उडवली. पुढे कोर्टात तो म्हणाला की नुसते भिवडवायचे होते. दुसरी पाचर का उडवली, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

लखूने ओढ्यावर आवाज ऐकला. जमीन हादरली ती त्याच्या पायांना कळली. करवत टाकून तो धावला. ओंडक्याचे एक टोक खड्ड्यात गेले होते, दुसरे वर अडकले होते. खाली परशूची छाती कुठे होती ते दिसत नव्हते. एक हात तेवढा बाहेर होता, आणि त्या हाताने भुशाची पाटी अजून धरलेली होती.

अर्जुन काठावर उभा होता. त्याने मान वर करून लखूला पाहिले, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले.

"तू हितं?" तो म्हणाला. "मंग खाली कोण हाय?"

लखूने त्याच्याच हातातली मोगरी ओढून घेतली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज लांबच्या सावलीतल्या माणसांनीही ऐकला. अर्जुन पडला तसा लखू त्याच्या छातीवर बसला आणि तोंडावर मारत राहिला. दात पडले, जबडा निसटला, एका बाजूचा डोळा कायमचा गेला. लखू ओरडत नव्हता, रडतही नव्हता, एकसारखा मारत होता. चार माणसांनी ओढून काढले तेव्हा अर्जुन जिवंत होता, इतकेच. मग गाडीवानांना हाका मारून सगळ्यांनी मिळून ओंडका उचलला. त्याला आठ जण लागले. लखू नववा.

सुप्याहून पोलीस आले आणि लखूला घेऊन गेले. त्याने पुतळीला पाहिले ते लांबून. ती प्रेताजवळ बसली होती आणि तिने मान वर केली नाही. त्यापेक्षा तिने दगड मारला असता तर त्याला बरे वाटले असते. गावात बोलणे एकच: रोज सारखा मागितला नसता तर परशू वर असता. लखूही तेच म्हणत होता, स्वतःशी, कोठडीच्या भिंतीला कपाळ लावून. अर्जुनला सात वर्षे झाली, लखूला दीड.

कारवारच्या तुरुंगात लखू आत गेला तेव्हा आपला मुलूख मुंबई राज्यात होता. बाहेर आला तेव्हा म्हैसूर राज्यात. तलाठ्याचे कागद बदलले, पाट्या बदलल्या, पैशांची नाणीसुद्धा बदलली. खालच्याचा रोज मात्र पुन्हा सव्वा झाला होता. परशू मेल्यावर लागलेल्या माघातच, उळवीच्या जत्रेत, वरच्यांनी आणि कंत्राटदारांनी मिळून तो खाली आणला. खालचे कोणी बोलले नाहीत. बोलले तर काय होते ते त्यांनी बघितले होते.

लखू गुंदला आला. पुतळीने त्याला घरात घेतले, भात वाढला, अंथरूण दिले. बोलली नाही. तिला दोन पोरे होती, आणि त्यांच्यासाठी पुतळी रानात बारा आण्यांवर कामाला जायची. बायकांचा रोज तेवढाच. लखू चार गावे फिरला, जोडीदार मिळेना. त्याच्या वर कोणी उभे राहीना की खाली उतरेना. "त्येच्यासंगं करवत धरली की मरनच," म्हणायचे. पंधरा दिवस त्याने घराच्या पायरीवर बसून, आपले हात बघत काढले.

सोळाव्या दिवशी पुतळीने माळ्यावरून करवत काढली. दीड वर्ष तिने तिला तेल लावून ठेवले होते. ती तिने लखूपुढे ठेवली.

"आपल्या गावच्या वासूचं नवं घर हाय," ती म्हणाली. "लाकूड पडलंय, फळ्या पाडायच्या हायत. तू वर उभा ऱ्हा. खाली म्या उतरते."

"आक्का, तू?"

"का? माझं हात मोडलंत?"

लखू तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. दीड वर्षाचे सगळे त्या घटकेला बाहेर आले. पुतळीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ती उठली, आणि लुगड्याचा काष्टा घट्ट ओढून परशूचे फडके शोधायला लागली.

वासूच्या अंगणात खड्डा तयार होता, ओंडका चढवलेला होता. गुंदमधली पाच-पंचवीस माणसे बघायला जमली होती. बाई खड्ड्यात उतरणार म्हटल्यावर जमणारच. पुतळीने कोणाकडे पाहिले नाही. डोक्याला फडके गुंडाळले आणि ती खड्ड्यात उतरली. जिथे नवरा मेला तसल्या खड्ड्यात उतरताना तिचे पाय एकदाच थबकले. मग तिने खालची मूठ धरली.

लखूने पाचरी तपासल्या, दोनदा, तीनदा. वासू जवळ आला. वासू चांगला माणूस, हिशेब आधी ठरवून घेणारा.

"लखू, रोज किती रं?"

लखूने ओंडक्यावर पाय ठेवता ठेवता उत्तर दिले. विचार केलाच नाही. तोंडात जे तयार होते तेच आले.

"मला दोन," तो म्हणाला. "आक्काला, बाईमानसाचा जो हाय त्यो. बारा आणे."

वासूने मान डोलावली. कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. कोणी तोंडातली विडीसुद्धा काढली नाही.

खालची मूठ सुटली. पुतळी खड्ड्याच्या काठाला हात टेकून वर आली, लुगड्याला माती, गुडघा खरचटलेला. लखूला वाटले, काही विसरली असेल. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या तोंडात मारली. आवाज असा झाला की वासूचा बैल दावणीला दचकला. लखूने तोंड वर केले तसे तिने दुसऱ्या हाताने मारले. मग दोन्ही हातांनी, गालावर, कानावर, तोंडावर, मिळेल तिथे. लखूचा ओठ फाटला. त्याने हात वर केला नाही.

"सारका रोज, सारका रोज," ती ओरडली. कोणी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "येवड्यापाय माझा मालक त्या खड्ड्यात उतरला! येवड्यापाय चिरडून मेला! त्यो उतरला नसता तर वर उभा ऱ्हायला असता, आज जिता असता! आन आता खाली म्या हाय, तर मला बारा आणे? तू देणार? तू?"

तिने आणखी एक मारली. मग तिचे हात खाली आले आणि ती धापा टाकत उभी राहिली.

लखूला आयुष्यात पुष्कळ मार बसला होता. बरगड्या मोडल्या होत्या, डोके फुटले होते. पण या माराने त्याला जे लागले ते कशाने लागले नव्हते. परशूने चोरी म्हटली होती ती चोरी सात वर्षांची होती. लखूने तीच चोरी आत्ता, एवढ्या माणसांच्या देखत, आपल्या बहिणीशी केली होती, आणि करताना त्याला कळलेसुद्धा नव्हते. तो वासूकडे वळला तेव्हा हनुवटीवरून रक्त गळत होते.

"वासूदादा, म्या चुकीचं बोललो," तो म्हणाला. "दोन आन दोन. दोगांचा सारका."

"अरे, पर बाईला..." वासूने सुरुवात केली.

"बाई कुटं बगितलीस?" लखू म्हणाला. "खालचं मानूस हाय त्ये. द्यायचं तर दे, न्हाईतर करवत उचलून जातो."

वासूने जमलेल्यांकडे पाहिले. मागच्या बाजूला दोघे-तिघे खालचे उभे होते. त्यांनी तोंडातल्या विड्या आता काढल्या होत्या आणि ते वासूकडेच बघत होते. वासूने डोके खाजवले, आणि बरे म्हणाला.

पुतळी केव्हाच खाली उतरली होती. लखू ओंडक्यावर चढला, रक्त बाहीला पुसले, रेघेवर करवत लावली आणि वर उचलली. खालून पुतळीने ती अशी ओढली की तो तोल जाऊन पडता पडता वाचला.